रुसलेल्यांचा मान

आमच्या शेजारच्या वहिनी बोलतात कमी, ओरडतात जास्त. कुंपणापलीकडून त्यांनी चिमूटभर मीठ मागितलं, तरी बंदरात जहाजाचा भोंगा वाजल्यासारखं वाटतं.

माझ्या बायकोने स्वतः रचलेलं हळदीचं गाणं फोनवर टाकलं, तेव्हा जगातले सगळे संगीतज्ज्ञ नेमके मोकळे होते. "काकू, भाकऱ्या भाजा." "आवाज आहे की ट्रेलरचा ब्रेक?" बायको म्हणाली, पुतणीच्या हळदीत मी गाणार नाही. मी घरचा कर्ता पुरुष. "लक्ष देऊ नकोस," असं ठामपणे सांगून चहा मागितला.

वहिनींनी मात्र एकेकाला उत्तर लिहिलं. त्यांच्या मते लग्नघरी जो कुरकुरतो, त्याचा मानपान राहिलेला असतो. "रुसलात काय भाऊ? हळदीला या, पुढं बसवते." आणि कुंपणावरून बायकोला, "बाय, रुसणाऱ्यांपायी कोन गानं बंद करतं काय? तू गा, त्यांना मी बघते."

त्या ज्ञानी मंडळींपैकी हळदीला एकच आला. ट्रेलरचा ब्रेक ऐकू आलेला माझा सख्खा चुलतभाऊ. वहिनींनी त्याला मानाची टोपी घातली, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. बायको आधी चाचरली, मग अशी गायली की टाळ्यांचा ठेका त्यानेच धरला.

मी मागे अभिमानाने उभा होतो. वहिनी दुसरा नारळ घेऊन माझ्यासमोर आल्या.

"मला कशाला? मी तर काहीच लिहिलं नव्हतं."

"व्हय," त्या अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हनूनच."