कुठं अडलं ते लिहा

बायको बंगळूरला लेकीकडं गेली ती तीन महिन्यांसाठी. नात झाली होती, लेकीची नोकरी होती आणि जावयाची आई अंथरुणाला खिळलेली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं, आणि आता तिसरं वर्ष सरत आलंय. मी कोल्हापुरातच राहिलो. कुणी विचारलं तर सांगायचो, "तिथं चौदाव्या मजल्यावर मी काय करू?" खरं म्हणजे 'तुम्हीपण चला' असं मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि 'येऊ का' असं मीही विचारलं नव्हतं.

माझी सगळी नोकरी उद्यमनगरातल्या कारखान्यांत गेली. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडात हुबेहूब प्रत करावी लागते, तिला पॅटर्न म्हणतात. मी पॅटर्नमेकर. पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचं गिअरबॉक्स, उसाच्या घाण्याची चाकं, काय म्हणाल ते सागवानात करून दिलं. पुढं कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि आमचे रंधे भिंतीला टांगले गेले. तोवर माझं वयही झालंच होतं.

बायको जाऊन चार महिने झाले असतील, तेव्हा माझ्या जुन्या मालकांनी त्यांच्या पुतणीला माझा नंबर दिला. ती पुण्यात असते, शिकलेली आर्किटेक्ट. मोठ्या इमारती सोडून ती लहान इमारती करायला लागली होती. काही लोकांना घरात छोटी रेल्वे मांडायचा नाद असतो. रूळ, इंजिन, डबे विकत मिळतात. पण आपल्याकडची स्टेशनं, गेटमनची चौकी, मालधक्का मिळत नाही. ही मुलगी त्याचं किट काढायची. पातळ लाकडाच्या फळ्यांवर लेसरनं कापलेले भाग, कागदाची कौलं, धाग्याएवढे खिडक्यांचे गज आणि सोबत सूचनांचं पत्रक. घेणाऱ्यानं घरी बसून जोडायचं. माणूस दोन सेंटिमीटरचा, त्या मापानं बाकी सगळं.

"काका, विकायच्या आधी कुणीतरी एकदा बांधून बघावं लागतं," ती फोनवर म्हणाली. "पत्रकात लिहिलंय तसं. कराल?"

"पाठवा की," मी म्हणालो.

पहिलं किट मालधक्क्याचं होतं. खोकं उघडल्यावर जळक्या लाकडाचा वास आला, आणि कित्येक दिवसांनी मी दुपारी झोपलो नाही. जेवणाचं टेबल तसंही रिकामंच होतं. त्यावर वर्तमानपत्र पसरलं, सुरी, काटकोन बघायचा गुण्या, पॉलिशपेपर मांडला. सहा दिवसांत मालधक्का उभा केला. फोटो काढून पाठवले आणि खाली लिहिलं: 'सर्व ठीक. फिटिंग उत्तम.' तिला फार आवडलं. मग चौकी आली, मग पाण्याची टाकी, मग सिग्नलची केबिन. दर वेळी मी तेच लिहायचो. सर्व ठीक.

संध्याकाळी सात वाजता बायकोचा फोन यायचा. नातीला खाली खेळायला नेल्यावर ती बाकावर बसून बोलायची.

"जेवणाचं काय केलंय?"

"केलंय की."

"बरं चाललंय न्हवं?"

"चाललंय की. तुमचं?"

"आमचंबी चाललंय."

नात मध्येच फोन ओढायची आणि कानडी, इंग्रजी, मराठी असं मिसळून काहीतरी सांगायची. मी 'व्हय व्हय' म्हणायचो. मग फोन बंद. पुढं उरलेली संध्याकाळ मी कौलं चिकटवत बसायचो.

एका रविवारी ती पुण्याची मुलगी न कळवता दारात उभी राहिली. तिच्या हातात मालधक्क्याचं एक अर्धवट जोडलेलं किट होतं. चहा नको म्हणाली. कपाटातून मी बांधलेला मालधक्का मागून घेतला, टेबलावर ठेवला आणि भिंग लावून मागची भिंत बघायला लागली.

"काका, ही खाच तुम्ही घासलीत?"

"व्हय. बसंना की. जरा अरुंद हुती."

"आणि पत्रकात लिहिलंय, आधी मागची भिंत चिकटवा, मग आतून खिडक्या लावा. तुम्ही कसं केलंत?"

"खिडक्या आधी लावल्या. भिंत लागल्यावर हात कसा जाणार आत?"

ती खुर्चीत मागं टेकून बसली. "चौदा जणांनी परत पाठवलंय. कुणाचीच भिंत बसत नाही. कुणाचाच हात आत जात नाही. तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय?" मी म्हणालो. "घासलं, बसलं."

"काका," ती अगदी हळू बोलली, त्यामुळं जास्त लागलं. "मला चांगलं बांधलेलं मॉडेल नकोय. ते मी पण बांधीन. मला तुम्ही कुठं अडलात ते हवंय."

मी तिला सांगितलं की आमच्यात तशी रीत नाही. उमेदवारीला लागलो तेव्हा माझ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मालकाला अडचण सांगायची न्हाय, काम द्यायचं. ड्रॉइंगमध्ये चूक असली तरी गप सुधारायची आणि पुढं जायचं. त्यावर मी अख्खा जन्म काढला, आणि लोक मला चांगला कारागीर म्हणायचे.

तिनं ऐकून घेतलं. जाताना एक नवं खोकं ठेवून गेली. घाटमाथ्यावरचं लहान स्टेशन होतं, शेजारी मास्तरांचं बिऱ्हाड. बरोबर एक दोनशे पानी वही. "लिहिलंय तेवढंच करायचं. अडलं की हात थांबवायचा, आणि कुठं अडलं ते लिहायचं. सुधारायचं नाही."

ते स्टेशन बांधताना मला जेवढा त्रास झाला तेवढा उमेदवारीतही झाला नव्हता. पाचव्या पायरीला छताचा एक वासा दोरीभर, म्हणजे तीनेक मिलिमीटर, आखूड निघाला. बोटांना माहीत होतं काय करायचं. उरलेल्या फळीतून एक चिपळी कापायची, लावायची, झालं. मी हात मांडीखाली धरून बसलो. मग वही उघडली आणि लिहिलं: 'पायरी ५. वासा पुरत नाही. मला पुढे जाता येत नाही.' ते वाक्य वाचून मला लाज वाटली. वही मिटून मी रंकाळ्यावर चक्कर मारून आलो, तेव्हा कुठं सहावी पायरी वाचली.

सव्वीस दिवस लागले. वहीत एकतीस ठिकाणी 'अडलो' असं लिहिलेलं होतं. स्टेशन वाकडं दिसत होतं, एका बाजूनं छत उघडं, मास्तरांच्या बिऱ्हाडाला दार लागलेलं नाही. माझ्या हातून इतकं वाईट काम कधी झालं नव्हतं. तेच फोटो मी पाठवले.

त्या दिवशी सातला बायकोचा फोन आला. "जेवणाचं काय केलंय?"

मी 'केलंय की' म्हणणार होतो. शब्द तोंडात आलेही होते. पण वही समोरच होती, आणि मी म्हणालो, "भाकरी जमत न्हाय मला."

"काय?"

"भाकरी. दोन वर्षं झाली. तव्यावर टाकताना मोडतीय. भात खातोय रोज. न्हाईतर शेव-पाव."

पलीकडून पोरांच्या खेळण्याचा आवाज येत राहिला.

"आणि गेल्या पावसाळ्यात मी बाथरूममध्ये पडलतो," मी म्हणालो. "आठ दिवस कमरेतनं उठता येत नव्हतं. मग भिंतीला सागवानी दांडा बसवला धरायला. आता काय न्हाय. पण पडलतो."

"अहो, मग इतकं दिवस 'चाललंय की, चाललंय की' कशाला करत हुता?"

मी समोरची वही मिटून ठेवली.

"मला वाटलं तुमास्नी एकटंच बरं वाटतंय," ती म्हणाली. "घरात असताना तरी कुठं बोलायचा? लाकूड आणि तुम्ही. म्हटलं, माझं काय अडतंय तिथं."

मग ती तिचं सांगायला लागली. खालच्या बाकावर रोज चार बायका बसतात, त्यांचं बोलणं तिला कळत नाही, ती नुसती हसते. हसून हसून तोंड दुखतं. लेकीला सांगितलं तर तिला वाईट वाटेल म्हणून तिथं गप्प, आणि मला सांगितलं तर काळजी लागेल म्हणून इथं गप्प. नातीनं चारदा हाक मारली तरी ती बोलत होती.

यातून काही सुटलं, असं नाही. नात अजून लहान आहे, लेकीला आईशिवाय चालत नाही, आणि माझ्या बंगळूरला जाण्याचा विषय निघाला तेव्हा लेक म्हणाली, "या की बाबा, पण दोनच खोल्या आहेत." तिचंही खोटं नव्हतं. त्या स्टेशनचं किट दुरुस्त होऊन विक्रीला गेलं. एकही परत आलं नाही, असं पुण्याच्या मुलीनं कळवलं.

दिवाळीत बायको बारा दिवस आली. बाथरूममधला दांडा तिनं दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि बाहेर येऊन पदर खोचला. मग परात पुढं ओढून मला शेजारी बसवलं. "पाणी उकळतं पायजे. कोमट घेताय म्हणून मोडतीय." मी तीन भाकरी थापल्या, एक नीट फुगली. बाराव्या दिवशी संध्याकाळी तिला बंगळूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, "जावा आता, उभं राहू नका." मी गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

घरी येऊन कुलूप काढतोय तोच फोन वाजला.

"कागल आलं," ती म्हणाली.

"बरं."

"काय काम न्हवतं. असंच केला."

"मला करमत न्हाय," मी म्हणालो.

"इतक्यात?"

"स्टँडवरनंच."

ती जराशी हसली. मग निपाणीला एकदा फोन आला. त्यापुढं घाटात रेंज गेली असावी. मी फोन शेजारी ठेवून बसलो, आणि घाटापलीकडचं संकेश्वर यायला किती वेळ लागतो याचा हिशेब करत राहिलो.