पहिल्या रांगेतली खुर्ची

पोलंडबाई भाड्याची खुर्ची कधी नजरेने पसंत करायच्या नाहीत. बसून पसंत करायच्या. माझ्या चामराजपेटच्या गोदामात येऊन थप्पीतली एकेक लोखंडी खुर्ची खाली काढायला लावायच्या, तिच्यावर बसायच्या, डावीकडे झुकायच्या, उजवीकडे झुकायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. जराशी कुरकुरली की नुसतं बोट हलवायचं, म्हणजे ही नको. लग्नामुंजीला खुर्च्या नेणारे लोक मोजून नेतात, ऐकून नेत नाहीत. पहिल्या वर्षी मी वैतागून म्हणालो, "बाई, मी खुर्च्या भाड्यानं देतो, सतारी नाही."

त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "अण्णा, नट हळू बोलत असतो तेव्हा खुर्ची मोठ्यानं बोलली तर नट मेला."

मी मूळचा निपाणीकडचा. बेंगळुरात आलो तेव्हा दुसऱ्याच्या खुर्च्या डोक्यावरून वाहिल्या, मग स्वतःच्या घेतल्या. आज शामियाना, दिवे, माइक, टेंपो सगळं माझं आहे. भाव करताना मला कोणी वाकवलेलं नाही. पोलंडबाईंनी वाकवलं, तेही आवाज न चढवता. माझा आवाज जसा चढेल तसा त्यांचा उतरायचा. शेवटी त्या इतक्या हळू बोलायच्या की ऐकायला मला पुढं वाकावं लागायचं, आणि वाकलेला माणूस भांडू शकत नाही.

"या वर्षी भाडं थोडं वाढलंय," मी म्हणायचो.

"का?"

"डिझेल वाढलं."

"तुमची खुर्ची डिझेल पिते?"

"टेंपो पितो."

"मग टेंपोला सांगा, स्वल्प कमी पी."

'स्वल्प', म्हणजे थोडं, हा कानडी शब्द त्यांनी राजाजीनगरच्या भाजीवाल्याकडून उचलला होता. बाकीचं मराठी सासूबाईंचं. त्यांचे यजमान, इंजिनिअर साहेब, सांगलीचे. इथल्या सरकारी कारखान्यातून ते शिकायला पोलंडला गेले आणि येताना या हालिनाबाईंना घेऊन आले. निळ्या डोळ्यांच्या या बाई अस्सल सांगलीच्या सुरात "अगं बाई" आणि "असू दे तिकडं" म्हणायच्या, तेव्हा माझा ड्रायव्हर मान वळवून बघायचा. लग्नाआधी त्या तिकडच्या एका लहान गावातल्या नाटक कंपनीत होत्या. सिनेमातही दोनदा दिसल्या. एकात त्यांनी चहा आणून ठेवला, दुसऱ्यात खिडकी लावली. "खिडकी फार चांगली लावली होती मी," असं त्या गंभीरपणे सांगायच्या.

दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे, त्यांच्याकडे मेलेल्या माणसांची आठवण करायचे दिवस असतात तेव्हा, त्या राजाजीनगरातला एक लहान हॉल घ्यायच्या. नवऱ्यामागून या गावात आलेल्या पोलंडच्या बायका, नोकरीसाठी आलेले काही जण आणि साहेबांचे थोडे मराठी स्नेही यायचे. टेबलावर पोलंडच्या नटनट्यांचे फोटो मांडलेले असायचे. कोणी रंगभूमीवरचे, कोणी सिनेमातले. प्रत्येकापुढं लाल काचेचा दिवा. बाई एकेकाबद्दल बोलायच्या, आधी त्यांच्या भाषेत, मग आमच्यासाठी मराठीत. हा रंगमंचावर कसा चालायचा, ही रडायच्या आधी हातमोजा कसा काढायची. मग कोणीतरी एखादा उतारा वाचायचं. आणि शेवटी सगळे उभे राहून फोटोंकडे बघत टाळ्या वाजवायचे.

मेलेल्या माणसाला टाळ्या, हे मला पचलं नव्हतं. आपल्याकडं दोन मिनिटं गप्प उभं राहतात. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडं नटाची शवपेटी बाहेर आणतात ना, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. हॉल भरलेला होता, हे त्याला कळायला नको का?" पुढं इंजिनिअर साहेब गेले. मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे माना खाली घालून उभे होते. मी मागं माइकपाशी होतो. बाहेर पडताना बाई माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढी शांतता. त्यांना वाटलं असेल, कोणी आलंच नाही."

एकदा कार्यक्रमात वाचणाऱ्या बाईंच्या हातून कागद खाली पडला. पोलंडबाई ताडकन उठल्या आणि बुटानं त्या कागदावर पाय दिला. नाटकातला कागद पडला तर आधी त्यावर पाय द्यायचा, नाहीतर नाटक पडतं, अशी त्यांच्या नटांची समजूत.  मी दिव्यांच्या बोर्डापासून धावत गेलो, कागद उचलला, कपाळाला लावला आणि परत दिला. हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. पुढच्या वर्षांत जेव्हा केव्हा कागद पडला, तेव्हा त्या पाय द्यायच्या आणि मागं वळून माझ्याकडं बघायच्या. मी लांबूनच कागदाला नमस्कार म्हणून हात छातीला लावायचो. मग त्या मान हलवायच्या आणि वाचन पुढं चालू व्हायचं.

आता माझा राग सांगतो, कारण तो सोडून या बाईंबद्दल मला लिहिता येणार नाही.

इतकी वर्षं मी त्यांचा कार्यक्रम लावला, पण त्यांनी मला एकदाही "बसा" म्हटलं नाही. मी मागं बोर्डापाशी उभा. खसखशीचा गोड रोल त्या स्वतःच्या हातानं भाजायच्या आणि बशीत घालून मला आणून द्यायच्या, पण तिथंच, उभ्या उभ्या. उशिरा आलेल्यांनाही त्या हात धरून खुर्चीवर बसवायच्या. मंडळाचे अध्यक्ष तर पहिल्या उताऱ्यालाच झोपायचे, पण बसून झोपायचे. धंद्याच्या सुरुवातीला एका समारंभात मी मागच्या रिकाम्या खुर्चीवर टेकलो होतो. तिथले एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "ए खुर्चीवाल्या, ऊठ, पाहुणे यायचेत." खुर्ची माझी, आणि उठायचं मी. त्या दिवसापासून कोणी बसा म्हटल्याशिवाय मी कुठंच बसत नाही. बँकेतसुद्धा साहेबानं म्हटलं तरच बसतो.

जास्त झोंबायचं ते यामुळं, की बाईंच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची दर वर्षी रिकामी असायची. तिच्यावर कोणाला बसू द्यायच्या नाहीत. एकदा अध्यक्ष त्या खुर्चीकडं वळले, तर बाईंनी त्यांना खांद्याला धरून शेजारी सरकवलं. मला वाटायचं, फोटोतल्या कोणा मोठ्या नटाच्या मानाची असेल. भाड्यावरूनही तिच्यासाठी वाद व्हायचा.

"ही रिकामी राहणार. रिकाम्या खुर्चीचं भाडं कसलं?"

"रिकामी आहे म्हणून ती उडत येत नाही, बाई. टेंपोतच येते."

"मग अर्धं."

"अर्ध्या खुर्चीवर कोण बसतं?"

"तेच बघायचंय," त्या म्हणायच्या. आणि मी अर्धं घ्यायचो.

आणखी एक गंमत. बाकी सगळ्या खुर्च्या त्या स्वतः बसून बघायच्या, पण ती एक मला बसून बघायला लावायच्या. "अण्णा, हिच्यावर तुम्ही बसा. हलून बघा. आरामशीर वाटते?" मला वाटायचं, माझं वजन जास्त म्हणून परीक्षेला मी. मी गोदामातल्या धुळीत त्या खुर्चीवर बसायचो, हलायचो आणि कानडी सवयीनं म्हणायचो, "सरी, बाई, ठीक आहे ही." त्या तिच्या पाठीला लाल रिबिनीची गाठ मारून ठेवायच्या.

हळूहळू हॉल ओसरत गेला. काही बायका नवऱ्यामागं वारल्या, काही मुलांकडं परदेशी गेल्या. नोकरीवाली पोरं नवी होती. त्यांना जुने नट ठाऊक नव्हते, आणि जे हवं ते फोनवर दिसत होतं. टेबलावरचे फोटो वाढत गेले आणि खुर्च्या कमी होत गेल्या. तरी बाई प्रत्येक खुर्ची ऐकून घ्यायच्या. एक वर्ष असं आलं की वेळ झाली, वेळ टळली आणि जिन्यावर पाऊल वाजलं नाही. मी म्हणालो, "बाई, ट्रॅफिक असेल." त्या म्हणाल्या, "अण्णा, पडदा वेळेवर उघडतो." आणि सुरू केलं. त्यांच्या भाषेत बोलल्या, मग मराठीत बोलल्या. मराठी ऐकायला मी एकटा होतो. हातमोजा काढणाऱ्या बाईचं त्यांनी त्या दिवशी करून दाखवलं, हातात मोजा नसताना. मला मोजा दिसला.

मग त्या टाळ्या वाजवायला उभ्या राहिल्या. मीही बोर्डापासून वाजवल्या. दोघांच्या टाळ्यांनी हॉल आणखीच मोठा वाटायला लागला. टाळ्या थांबल्यावर त्यांनी पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "अण्णा, पाय दुखत नाहीत?"

मी वाट बघत होतो. एक शब्द. एवढा रिकामा हॉल, सगळ्या खुर्च्या माझ्या, आणि तरी या बाईंच्या तोंडून तो शब्द येईना. मी म्हणालो, "सवय आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि एकेक दिवा विझवायला लागल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. गुडघे गेले, मग मुलगी त्यांना लांब येलहंकाला आपल्या घरी घेऊन गेली. मी फोन केला नाही. हाक मारायची त्यांनी, असं माझं म्हणणं. मुलीचा फोन आला तो बाई गेल्याचा. गेल्यालाही आठवडा झाला होता. पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये त्यांच्यासाठी जमायचं होतं, म्हणून खुर्च्या हव्या होत्या.

मुलगी गोदामात आली. आईसारखे डोळे, पण खुर्च्या नुसत्या मोजून घेतल्या. जाताना म्हणाली, "काका, आईची ती एक खुर्ची पण द्या हं. तुमची."

"माझी कुठली?"

"पुढची. लाल रिबिनीची."

"ती मानाच्या नटाची," मी म्हणालो. "मी त्या हॉलमध्ये कधी बसलेलो नाही. मला कोणी बसा म्हटलेलं नाही."

 मग थप्पीला टेकून तिनं सांगितलं. त्यांच्या घरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडतात. ते न बोलावलेल्या माणसाचं. कोणाला बोलावून त्यावर बसवायचं नसतं. जो आपणहून येईल, त्याचं. बाईंनी हॉलमध्ये तेच चालवलं होतं. बाकी सगळ्यांना बोलावणं जायचं, न बोलावलेला मी एकटाच होतो.

"पण कोणीतरी आपणहून यावं ना," मुलगी म्हणाली. "आई घरी आली की म्हणायची, आजही अण्णा आले नाहीत. मी लहानपणी म्हणायचे, अगं, ते तर होते, मागं दिव्यांच्या बोर्डापाशी. तर म्हणायची, दिव्यांजवळ होते गं. आले नाहीत."

माझं डोकं फिरलं. मेलेल्या बाईवर आणि तिच्या मुलीसमोर मी आवाज चढवला. "मग एकदा सांगायचं नाही? इतकी वर्षं? तोंडात शब्द नव्हता?"

मुलगी हळू आवाजात म्हणाली. आईचीच सवय. मला पुढं वाकावं लागलं. "सांगितलं असतं तर ते बोलावणं झालं असतं, काका. मग ती खुर्ची तुमची राहिली नसती."

माझं आजही म्हणणं आहे की सांगायला हवं होतं. सगळ्यांना सगळ्यांच्या रीती ठाऊक नसतात. आमच्याकडं मान हा सांगून द्यायचा असतो. त्यांच्याकडं काही जागा न सांगता ठेवायच्या असतात. त्या माझ्या येण्याची वाट बघत होत्या, मी त्यांच्या म्हणण्याची, आणि मध्ये खुर्ची तशीच राहिली. याचा राग कोणावर काढायचा, ते अजून ठरत नाही.

मुलीनं पर्स उघडत विचारलं, "आई त्या खुर्चीचं अर्धं भाडं द्यायची ना?"

"रिकामी राहिली तर अर्धं," मी म्हणालो.

"आणि नाही राहिली तर?"

मी थप्पीकडं गेलो. ती खुर्ची बाजूला काढली, पुसली आणि पाठीला रिबीन बांधली. बसून मात्र बघितलं नाही.

रविवारी माणसं थोडीच होती. दोघी-तिघी म्हाताऱ्या पोलंडच्या बायका, मंडळाचे काही लोक, येलहंकाचे शेजारी. टेबलावर या वेळी एकच फोटो आणि एकच लाल दिवा. मुलगी आईबद्दल बोलली. सिनेमातल्या चहाचं सांगितलं, खिडकीचंही सांगितलं. मी बोर्डापाशी उभा होतो. तिचं बोलणं संपत आलं तेव्हा मी हॉलचे दिवे मंद केले, बोर्ड तसाच सोडला आणि मधल्या वाटेनं पुढं गेलो. दोघांनी मान वळवून बघितलं. बसा कोणी म्हणालं नाही. मी बसलो.

खुर्ची कुरकुरली नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि सगळे उभे राहिले. मला काही उठता आलं नाही. मी बसूनच टाळ्या वाजवत राहिलो.