गारांतून फटफटी

बर्फात गाडी चालवलीय का, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी व्हय म्हणतो, आणि सगळी हसतात. हसा लेकहो. कळंब तालुक्यातल्या गाडीवाटेनं, फाल्गुनात, घोटाभर पांढऱ्यातून मी फटफटी नेलेली आहे.

तेव्हा मी दूध संघात होतो. गायी-म्हशींना इंजेक्शननं भरवायचं, म्हणजे गाभण करायचं काम. वीर्याच्या नळ्या धाराशिवहून एस.टी.नं यायच्या, त्या मी थर्मासात बर्फ घालून गावोगाव न्यायचो. गार राहिल्या तर कामाच्या, नाहीतर फेकून द्यायच्या. आणि कळंबचा बर्फ शेवटच्या गावापर्यंत कधी धड टिकायचा नाही. त्यावरून मी दारोदार कुरकुर करायचो, स्वभावच तसा.

त्या शेवटच्या गावात एक एकटी बाई राहायची. लेकी सासरी, घरात ती आणि तिची संकरित गाय. दुष्काळात बाई गाय घेऊन चारा छावणीत गेली, तिथंच गायीजवळ राहिली, पण विकली नाही. उपाशी जनावर माजावर येत नाही, माज नाही तर भरवता येत नाही, आणि ही गाय दोन वर्षं आली नव्हती. गाय गाभण नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर मी कशावर जगू, एवढं एकच बाई दर खेपेला विचारायची. त्या दिवशी दूधगाडीवाल्याबरोबर तिचा निरोप आला, गाय सकाळपासून हंबरतीय, आजच या. हा माज हुकला तर पुढचा कधी, देव जाणे.

दुपारी निघालो. अर्ध्या वाटेत आभाळ काळंकुट्ट झालं आणि गारा सुरू झाल्या, बोराएवढ्या. चिंचेखाली थांबलो, सामानाची बादली डोक्यावर पालथी घातली. त्या बादलीच्या आवाजानं कानठळ्या बसल्या. गारा थांबल्यावर बघतो तर वाट कुठली अन् वावर कुठलं, सगळं एकसारखं पांढरं. आमच्या काळ्या रानाचा असला रंग जन्मात पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, जीव हरखून गेला.

पहिल्या गिअरात, दोन्ही पाय घासत पुढं निघालो. चाकाखाली गारा करकरत होत्या, सायलेन्सरवर उडालेल्या चुरचुरत होत्या. बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या काठोकाठ भरलेल्या, त्यामुळं खड्डा कुठं काही कळेना. मधल्या उंचवट्यावरून चाललोय असं समजून गेलो आणि मागचं चाक सर्रकन चाकोरीत उतरलं. मी एकीकडं, फटफटी दुसरीकडं. मला काही झालं नाही, पण थर्मासातली काच खळ्ळकन फुटली. झाकण उघडून पाहिलं. नळ्या कापसात गुंडाळलेल्या होत्या म्हणून वाचल्या. मग बादली गारांनी भरली, नळ्यांची पुडी मधोमध खुपसली, वर टॉवेल झाकून बादली हँडलला अडकवली. एवढा फुकटचा बर्फ मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

ओढा कसाबसा ओलांडला आणि मागं पाणी चढलं. म्हणजे आज परतायचं नाव नको.

पोचलो तेव्हा बाई पोत्याची खोळ पांघरून दारातच उभी होती. गाय घरात, चुलीपाशी बांधलेली. लगेच भरवली. मग माझं रडगाणं सुरू झालं. उद्या सकाळी अजून एकदा भरवली असती तर खात्री झाली असती, पण ऊन पडलंय, बादलीत पाणी होत चाललंय, दुसरी नळी सकाळपर्यंत ठेवू कशात?

बाई मला आतल्या खोलीत घेऊन गेली. घागर, पातेली, पिठाचा डबा, सगळी भांडी गारांनी भरून, भुसा लोटून पोत्याखाली झाकलेली. गारा पडत असतानाच वेचल्या होत्या तिनं. हात लालबुंद सुजले होते.

"दर खेपेला बर्फ बर्फ करता," ती म्हणाली. "म्हनलं, तुमी येनारच. लागंल."

मागच्या दारातून तिचा ज्वारीचा तुकडा दिसत होता. भरल्या कणसांची ज्वारी, सगळी झोपलेली. ती तरी बघून आलात का, असं मी विचारलं.

"आडवी झालेली हितूनच दिसतीय की. ती माझ्यानं उभी व्हायची न्हाय. गाय तरी उभी हाय."

मी दुसरी नळी घागरीतल्या गारांत पुरली. मुक्काम गावच्या विकास सोसायटीच्या खोलीत केला. सकाळी नळी गारेगार निघाली आणि गाय दुसऱ्यांदा भरवली.

ज्येष्ठात तपासायला गेलो. बाई गायीचं शिंग धरून उभी, माझ्या तोंडाकडं बघत. हात आत घालून नीट चाचपलं आणि सांगितलं, गाभण आहे.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

पुन्हा सांगितलं. गारांच्या दिवशी डोळ्यांत टिपूस न आणलेली ती बाई गायीच्या पुढ्यात बसली आणि हमसून हमसून रडली. मी आपला नवा थर्मास धरून उभा होतो. जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अजून एकदा सांगायला लावलं.