राखणीचा जमादार

“त्या म्हाताऱ्या कुत्र्याला गाडीत बसवून रानातल्या आखाड्यावर न्यायलाव? गाव हसंल की ओ!”

“हसू दे. जमादार न्हाई आला तर मी बी जात न्हाई.”

निजामाच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. कंधारजवळच्या शेषेरावांचा जोंधळा हुरड्यात आला होता, आणि आखाड्यावरच्या खोपीत राखणीला निघालेल्या नवऱ्याला साखराबाई सकाळपासून सोलून काढत होती.

“त्याला दिसंना, ऐकू यीना. रानडुकरं आली तर भुंकंल का त्यो?”

“भुंकतो की. मी काठी भुईवर आपटली की हादऱ्यानं उठतो. मग दोघं मिळून वरडतो.”

“म्हंजी राखण तुमची, नाव जमादाराचं! शेजारचा तरणा कुत्रा न्या.”

“त्यो माझ्या पायावर मुंडकं ठिवून निजंल का?”

शेषेरावांनी जमादाराला उचलून गाडीतल्या कडब्यावर ठेवलं, अंगाखाली स्वतःची घोंगडी सारली. भाकरीचं गठुडं घ्यायला ते आत आले, तर शेजारी एक झाकलेलं मडकं. आत दुधात कुस्करलेली भाकरी, दात नसलेल्यालाही गिळता येईल अशी मऊ. शेषेरावांचे दात तर शाबूत होते.

“हे कुणासाठी गं?” त्यांनी हसत विचारलं.

साखराबाईनं घागर कमरेवर घेतली आणि ती पाण्याला निघून गेली.