लानविदानचा संत

लानविदान गावात एकतीस वर्षं टपाल वाटून मोस्टिन बेवन निवृत्त झाला आणि त्याने गावाचा इतिहास लिहायला घेतला. "त्यापेक्षा कुत्रा पाळ," असं त्याची बहीण केनवेन म्हणाली.

सहा वर्षं तो चर्चच्या जुन्या पेटीत डोकं घालून बसला. शेवटी जमिनीचा एक कागद हाती लागला. त्यात गावाचं नाव होतं 'पेरलान विदान'. तिथल्या भाषेत लान म्हणजे चर्चची जागा, पण पेरलान म्हणजे फळबाग! नंतरच्या नोंदवहीत पानाचा कोपरा उंदरांनी कुरतडला आणि 'पेर' त्यांच्या पोटात गेलं. थोडक्यात, गावाचा संत विदान हा संत नव्हता, सफरचंदवाला होता. शेजाऱ्याचं डुक्कर पळवल्याबद्दल त्याला शिक्षा झाल्याचीही त्याच कागदात नोंद होती.

मोस्टिनने हे गावाच्या भर सभेत वाचून दाखवलं.

"म्हणजे ऑगस्टची जत्रा आम्ही डुक्करचोराची भरवायची?" केनवेन उसळली.

हेविन समोरच्या चॅपेलचा, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या पंथाचा. संत म्हणजे थोतांड, असं जन्मभर सांगत आलेला. तोही उठला. "माझा संतांवर विश्वास नाही. पण आपल्या संताबद्दल वाकडं बोललेलं मी ऐकून घेणार नाही."

"अरे, कागद आहे माझ्याकडे!"

"कागदाचं कौतुक तू सांगू नकोस. जन्मभर वाटलेस, तेही निम्मे चुकीच्या घरी."

पाद्रीबाई एलिनेद यांनी मत द्यायचं टाळलं. वरून तसं काही कळवलेलं नाही, म्हणाल्या. हात वर झाले. अकरा विरुद्ध सात मतांनी संत विदान होऊन गेला, असं ठरलं. मोस्टिनचं मन राखायला त्यालाच जत्रेत संताचं सोंग दिलं, कारण गावात उंच तोच होता.

लोकरीची दाढी लावून तो घामाघूम चालला असताना लंगडत आलेल्या म्हाताऱ्या मार्गेदने वाट अडवली. "बाबा, गुडघ्यावर हात ठेव."

"मार्गेद, मी मोस्टिन आहे गं."

"माहितीये मला. ठेव."

त्याने ठेवला. सोमवारी ती टेकडी चढून गेली.

आता गुरुवारी सकाळी त्याच्या दारात माणसं बसलेली असतात. मोस्टिन चिडून बाहेर येतो आणि आधी तो कागद वाचून दाखवतो, सगळा, डुकरासकट. लोक अदबीने ऐकून घेतात आणि मग गुडघा पुढे करतात.