खोंडाला चारलेलं तेल

त्या दुपारी मी बायकोला पान कुटून दिलं. दात गेल्यापासून तिचं पान मीच कुटायचो, चुना कमी, कात जास्त. खुबा मोडून ती अंथरुणाला खिळली त्याला दीड महिना झाला होता. पान गालात धरून ती म्हणाली, "सुमीला उनात कोन नेतंय आता?" सुमी म्हणजे आमची नात. मी म्हणालो, "बघू." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, डोळा लागला. चहाला उठवायला गेलो तर पार्वती गेलेली होती, आणि पान गालात तसंच होतं...

तिला जाऊन महिना होईल. भेटायला येणारा जो तो ओसरीवर टेकतो आणि एकच बोलतो, "माउलीनं उभ्या जन्मात उंबरा ओलांडला न्हाई." भावकी माना डोलावते. मला शिसारी येते. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लेख लिहिणं माझं काम नव्हे. पण शाळेचे मास्तर म्हणाले, "बोलता तसंच लिहा, रविवारच्या अंकाला मी धाडतो." म्हणून लिहितो. तिनं उंबरा ओलांडला होता. आणि त्याआधी ओलांडला नाही ह्याचं ज्यांना कौतुक वाटतं, त्यांनी आमच्या ओसरीवर बसू नये.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूचं. इथं ऊन एवढं, की चैतात विहिरीचा तळ तडकतो. पण आमची भावकी जुन्या इनामाच्या तोऱ्यातली, घरात गोषा. पोरगी नऊ वर्षांची झाली की आत. पार्वती फलटणकडची, तिच्या माहेरी हीच तऱ्हा. तेराव्या वर्षी पडद्याच्या छकड्यातून उतरली ती थेट माजघरात गेली. तिशीत आली तोवर डुलत चालायला लागली. आम्ही हसायचो. भावकीत तिला 'बदक' हे नाव मीच पाडलं. तिची तीन बाळंतपणं अडली, तिन्ही पोरं गेली, एक मुलगा तेवढा जगला. सुईण म्हणायची, "वाट अरुंद हाय, दादा." आम्ही दैवाला बोल लावला आणि जेवायला बसलो.

तो मुलगा पुढं पलटणीत गेला. सून तापानं गेली, तिची सुमी आमच्यापाशी वाढली. दहाव्या वर्षी पोरगी पाय दुखतात म्हणून रडायला लागली. उभी राहिली की गुडघे एकमेकांना घासायचे. मुलगा रजेवर आला होता, त्यानं हट्ट धरला म्हणून दोन मुक्काम करत सांगलीच्या दवाखान्यात गेलो. छकड्याला चारी बाजूंनी पडदे, आत आजी आणि नात घामानं भिजलेल्या.

डॉक्टरीण बाईंनी पोरीचे पाय चाचपले आणि विचारलं, "उन्हात खेळते का ही?"

मी मिशीला पीळ देऊन सांगितलं, "आमच्यात पोरी भाईर हिंडत न्हाईत."

"म्हणूनच हाडं मऊ पडलीत," बाई म्हणाल्या. "वाढत्या पोरीच्या अंगाला ऊन लागलं तरच हाड घट्ट होतं. ऊन देत नसाल तर माशाचं तेल तरी द्या. रोज एक चमचा, चुकवायचा नाही."

मग त्यांनी पार्वतीचं चालणं पाहिलं आणि तिलाही आत नेऊन तपासलं. परतताना कितीतरी वेळानं पडद्याआडून आवाज आला, "आवं... माजी हाडं बी अशीच वाकली म्हनं. न्हानपनीच. म्हनून वाट अरुंद." मी बैलांची शेपटी पिरगाळली.

लढाईचे दिवस, तेल कुठं मिळेना. मुलानं पलटणीतून खटपट करून तीन बाटल्या धाडल्या. आता पुढचं लिहिताना माझा मलाच वीट येतो, पण लिहितो. त्या साली माझ्या दावणीला एक खिलार खोंड होता. जनावरांच्या जत्रेत त्याचा नंबर काढायचा, एवढंच डोक्यात. मी म्हटलं, माणसाचं हाड घट्ट होतं तर खोंडाचं का होणार नाही? पोरगी काय, उद्या परक्याच्या घरी जायची. कणकेच्या गोळ्यातून मी दोन बाटल्या त्याला चारल्या, आणि रिकाम्या बाटल्यांत करडईचं तेल भरून ठेवलं. सुमी आधी नाक दाबून रडत प्यायची, ती आता गटागटा प्यायला लागली. आजी खुश, पोरीला सवय झाली म्हणून.

एक दिवस पार्वती मागच्या दारानं गोठ्यात आली. खोंडानं तिच्या हाताला तोंड लावलं. तिनं हात हुंगला.

"ह्याच्या तोंडाला मासळीचा वास कसा वो?"

"पान्यात कायतरी असंल."

"आपल्या हिरीत मासळी? तिच्यात बेडूक ऱ्हाईना झालाय!"

मी दावं सोडत-बांधत राहिलो. ती म्हणाली, "खोंडाचा खूर जरा तिरपा पडला तर तुमी जेवत न्हाई. नातीचं पाय दिसत न्हाईत व्हय तुमास्नी?"

ती ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं सुमीचा हात धरला आणि समोरच्या दारानं, ओसरीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या पुढ्यातून, तोंड उघडं ठेवून खळ्यावर निघाली. माझा चुलतभाऊ गणपा ओरडला, "दादा, बदक निघालं बघा पिल्लू घिऊन!" सगळे खिदळले. मीसुद्धा हसलो. खोंडाचा नंबर आला नाही, ते बरंच झालं.

दीड वर्ष ती रोज गेली. तेल परत मिळालं नाही, ऊन तेवढं दिलं. पोरीचं दुखणं थांबलं, पायही थोडे सरळ झाले. मग एके सकाळी बांधावरून पार्वतीचा पाय सरकला आणि खुबा सुक्या काटकीसारखा मोडला. भावकी म्हणाली, उंबरा सोडला त्याची शिक्षा. मी नवरा असून तिच्या उशाशी बसून तेच म्हणालो, "कशाला गेलीस भाईर?"

"भाईर गेले म्हनून न्हाई मोडलं," ती म्हणाली. "चाळीस वर्सं आत बसले म्हनून मोडलं."

त्या दिवसापासून सुमी पुन्हा घरात होती. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच नेलं नाही... लोक हसतील म्हणून.

तिला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी माणसांनी भरली होती. मी आत गेलो, कोपऱ्यात बसलेल्या सुमीला उठवलं आणि तिचा हात धरून बाहेर आलो. गणपा आडवा झाला. "दादा, सुतकात पोरीला घिऊन कुठं? मान्सं काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू देत. तुजी पोरगी बी आत हाय न्हवं? आन तिला बी."

त्याची पोरगी आली नाही. आम्ही दोघंच खळ्यावर गेलो. तिथं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. दीड वर्षात मी एकदाही तिकडं फिरकलो नव्हतो. मी नातीला विचारलं, "आजी हितं काय करायची गं?"

"आजी बसायची," सुमी म्हणाली, "आन मला पळ म्हनायची."

"मग पळ."

ती परकर वर खोचून पळाली. मी खळ्याच्या कडेला बसलो, आणि ऊन चांगलं चढेपर्यंत तिला घरी चल म्हटलं नाही.