दांडेलीच्या लिलावात रुमालाबाहेरची बोली

नरसय्याने मागाची अख्खी चौकट आणून आमच्या वखारीच्या दारात आदळली, त्या दिवशी मी दांडेलीला जायचं ठरवलं. नरसय्या हा सोलापुरातला माग बांधणारा सुतार, आमचं जुनं गिऱ्हाईक. "अक्का, तुमचं लाकूड वाकलं की! धोटा निम्म्यात अडकतोय. इनकर माझ्या नावानं शिव्या घालतोय," तो म्हणाला. लाकूड कापून पाहिलं तर आत काळसर गाभा बोटभर, बाकी सगळं पांढरं. कोवळं झाड! असल्या लाकडाला भुंगा लागतो आणि ते पीळही खातं.

आमचे हे वारल्यापासून लाकडाची वखार मी चालवते, हे माझ्या दिरांना, गुरप्पांना, पहिल्यापासून खुपतं. ते म्हणाले, "वैनी, आता समदीकडं असलाच माल येतोय. आडत्या धाडंल ते घ्यायचं अन् इकायचं. तुमच्यानं होत न्हाय, किल्ल्या द्या माज्याकडं."

"आदी दांडेलीला लाकडाच्या लिलावाला जाऊन येते," मी म्हटलं. "चांगलं सागवान आणलं न्हाय, तर किल्ल्या तुमच्या."

ते हसले. त्या हसण्यानेच माझं तिकीट काढलं म्हणा ना.

जायचं असेल तर माघ-फाल्गुनात जा. पावसाळ्यात तिथे जळवा रक्त पितात म्हणे. सोलापूरहून होटगीला उतरून लहान गाडी धरायची. विजापूर, गदग, हुबळी, धारवाड करत ती अळणावरला पोचवते, तिथून दांडेलीचा फाटा फुटतो. भाडं फार नाही, पण गदगला पुढच्या गाडीची वाट पाहून कंबर मोडते. सोबत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ठेवा, पुढे कुठेही अडणार नाही. माझ्याबरोबर वखारीत काम करणारी सखूबाई होती. शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "बरोबर पुरुषमाणूस कुणी नाही?" सखूबाई म्हणाली, "हाय की, तुमी." डब्यातले सगळे हसले आणि गृहस्थांनी धारवाडपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

दांडेलीला काळी नदी पाहून मी थक्क झाले. आमच्या सीना नदीत या दिवसांत वाळू असते, इथे फाल्गुनात घाट भरून पाणी! जंगल पाहायला मी बैलगाडी केली. गाडीवान बसप्पा कानडी बोलणारा; माझं माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे गप्पा जमल्या. पण जंगल काही येईना. टेकडीमागून टेकडी, आणि सगळीकडे तोडलेल्या झाडांचे बुडखे. काही बुडखे एवढे रुंद की त्यांवर चौघांचं पान मांडता यावं. त्यांच्यामधून फुटलेली मांडीएवढी झाडंही तोडून रचून ठेवली होती.

"आवो, हितं तर समदी बुडकीच हायती," सखूबाई म्हणाली.

मला राग आला. ठेकेदारांचा आला, आणि आमच्यासारख्या वखारवाल्यांचाही आला, कारण ही लाकडं कुठे जातात ते मला ठाऊक होतं. बसप्पा म्हणाला, जुनं जंगल आता फार आत राहिलंय, एका खेपेला दोन मुक्काम पडतात आणि चढावर बैल बसतात.

लिलाव दुसऱ्या दिवशी सरकारी डेपोत होता. तिथला माल मी आदल्या दिवशीच पाहून घेतला, त्यात एकच ढीग मनात भरला: जाड ओंडके, सालीपर्यंत गाभा. त्याच संध्याकाळी डेपोबाहेरच्या चहाच्या दुकानात व्यापारी जमले होते. त्यांची रीत मला ऐकून ठाऊक होती. दोघांनी हात हातात घ्यायचे, वरून रुमाल टाकायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा. कुठला ढीग कुणाचा हे असं आदल्या दिवशीच ठरतं आणि सकाळी एकमेकांवर कुणी बोली चढवत नाही. मी जाऊन बसले, तसे सगळे चुळबुळले.

हुबळीचा एक जाडजूड शेट म्हणाला, "अक्का, तुमचा हात आम्ही कसा धरायचा? घरचं कुणी पाठवा."

"हात धरू नका, तोंडानं बोला की."

ते हसले, आणि माझ्यादेखत रुमालाखाली सगळे ढीग वाटून मोकळे झाले. माझ्या मनातला ढीग शेटच्या वाट्याला गेला. अपमानाने माझे कान तापले होते.

सकाळी त्या ढिगाची पाळी आली. शेटने पडेल भाव पुकारला. बाकी सगळे गप्प. लिलाव पुकारणारा डेपोचा साहेब हातोडी आपटणार, तेवढ्यात मी उभी राहून वरची बोली दिली.

शेट ओरडला, "हे काल ठरलं होतं!"

"कुणाशी? रुमालाखाली माझा हात होता का?" मी विचारलं. "मी कुणाला शब्द दिलेला न्हाय."

साहेबाला मिशीत हसू फुटलं. शेटने दोनदा भाव वाढवला, मग त्याला झेपेना. ढीग माझ्या नावावर झाला.

पण स्टेशनापर्यंत न्यायला एकही गाडीवान तयार होईना. शेटने सगळ्यांना दम भरला होता. मी आणि सखूबाई ओंडक्यांवर ठाण मांडून बसलो. ऊन उतरल्यावर बसप्पा गाडी घेऊन आला. कानडीत म्हणाला, "शेट म्हणतो, तुमचा माल भरला तर पुढे काम नाही. मी म्हटलं, कोवळी झाडं तोडून पुढचं काम तुम्हीच संपवलंय, मला कसली भीती घालता?" त्याच्यामागून आणखी तीन गाड्या आल्या. माल वॅगनमध्ये चढला तेव्हा मी चारचौघांत रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

सोलापुरात गुरप्पांनी ओंडके वाजवून पाहिले. तोंडातून 'वा' निघालंच. किल्ल्यांचं नावही न काढता म्हणाले, "उद्या कापायला घेऊ या."

"वाळल्याबिगर न्हाय. पुढचा उन्हाळा येऊ द्या."

"तवर इकायचं काय? अन् आडत्याची वॅगन आलीय, कवळ्या मालाची."

"परत धाडा."

प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर ते बुडखे. मी आणलेलं सागवानही त्याच जंगलातलं आहे, हे मला कळतं. म्हणूनच ते ओलं विकून मी वाकू देणार नाही. त्याचा माग झाला तर तो विणकराच्या नातवाने चालवावा. आज वखार अर्धी रिकामी आहे, आणि पेठेत माझी टवाळी चालते. चालू दे. नरसय्या थांबायला तयार आहे. बाकी कुणाला कोवळं, स्वस्त, आजच्या आज सागवान हवं असेल तर खुशाल या. नाही म्हणायला मी गल्ल्यावर बसलेली असते.